घरावर संकट आले तर अंगावर काय असावे?

जुन्या काळी बाजारात निघणाऱ्या व्यापाऱ्याच्या पोशाखात एक वस्तू अंगरख्याखाली दडलेली असे. तिला मराठीत ‘कसा’ म्हणत. जाड कापडाची ही लांबट, अरुंद थैली कमरेभोवती गुंडाळून घट्ट बांधली जाई. रोकड, हुंडी आणि तिजोरीची किल्ली तिच्यात सुरक्षित राही आणि दोन्ही हात मोकळे राहत. आज पैसा मोबाइलवरून फिरतो आणि कसा हा शब्दही नव्या पिढीच्या कानावर पडत नाही. त्यामागचा व्यवहारी विचार मात्र जुना झालेला नाही. जे गमावून चालणार नाही ते हातात धरू नये, अंगावर बांधावे.

हा विचार आज प्रवासापेक्षा घरासाठी अधिक उपयोगी आहे. गिरगाव, काळबादेवी, सी. पी. टँक, दादर या भागांत व्यापारी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या लाकडी जिन्यांच्या जुन्या इमारतींत वाढल्या. परळ-लालबागला गिरण्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले आणि अनेक कुटुंबे तेथे राहावयास गेली. घर बदलले तरी संकटे टळली नाहीत. आग, पूर, इमारतीची पडझड किंवा मध्यरात्री दारावर आलेला चोर, यांपैकी काहीही आले तरी निर्णयाला मिनिटे फार थोडी मिळतात. कपाट उघडून विचार करण्याची ती वेळ नसते.

मुंबईच्या आठवणीतले काही दिवस

१४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारनंतर व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला. जहाजावर दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकत्र भरलेल्या होत्या. गोदीलगतच्या मांडवी परिसरातील वखारी आणि घरे आगीत सापडली, हजारो लोक नेसत्या वस्त्रांनिशी रस्त्यावर आले. आग विझवताना मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान धारातीर्थी पडले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळला जातो. जहाजावरील सोन्याच्या विटा दूरवर उडून पडल्या. काही तर पुढे अनेक वर्षांनी गोदीतील गाळ उपसताना मिळाल्या. सोने परत सापडू शकते, माणूस सापडत नाही, हा त्या दिवसाचा रोकडा हिशेब आहे.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी कुलाब्याची नोंद अवघी ७३ मिलिमीटर होती. एकाच शहरात एका घरी नेहमीचा पाऊस आणि दुसऱ्या घरी कंबरभर पाणी, असे चित्र होते. तळमजल्यावरच्या कपाटातील खालच्या खणात ठेवलेले दस्तऐवज अशा वेळी सर्वप्रथम भिजतात.

३१ ऑगस्ट २०१७ रोजी सकाळी भेंडीबाजारात पाकमोडिया स्ट्रीटवरील शतकाहून जुनी हुसैनी इमारत कोसळली आणि ३३ जणांचा बळी गेला. पुढच्याच वर्षी, २२ ऑगस्ट २०१८ रोजी, परळला हिंदमाताजवळ क्रिस्टल टॉवरला आग लागली. तेथे चार जण मृत्युमुखी पडले. त्याच इमारतीत राहणाऱ्या झेन सदावर्ते या दहा वर्षांच्या मुलीने शाळेत शिकलेली एक गोष्ट आठवणीने अमलात आणली. सुती कापडाचे तुकडे पाण्यात भिजवून नाकातोंडावर धरायचे, म्हणजे धुरात श्वास घेता येतो, हे तिने शेजाऱ्यांना सांगितले व करून दाखवले. या प्रसंगावधानाबद्दल तिला पुढे राष्ट्रीय पातळीवरील शौर्य पुरस्कार मिळाला. त्या दिवशी उपयोगी पडलेले साधन होते एक सुती कापड.

कंबर, बंडी आणि पाठ

अंगावर सामान बाळगण्याच्या सोयीचे तीन भाग करता येतात. तिन्ही भाग एकाच वेळी लागतीलच असे नाही. पण कोणता भाग कशासाठी, हे आधी ठरलेले असावे.

पहिला भाग कमरेचा. कपड्यांखाली बसणारी सपाट कापडी थैली ही कशाचीच नवी आवृत्ती. बाजारात प्रवासासाठी अशा थैल्या मिळतात. घरी मांजरपाटाची किंवा ड्रिलची शिवून घेतली तरी चालते. निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. चेन वरच्या बाजूस असावी, पट्टा किमान दोन बोटे रुंद असावा आणि बक्कल अंधारात चाचपून लावता आले पाहिजे. साडी नेसणाऱ्या महिलांनी परकराच्या नाडीत ओवता येईल अशी थैली घ्यावी. गळ्यात अडकवण्याची थैली दिसायला सोयीची. पण धावपळीत तिची दोरी कठड्यात किंवा दाराच्या कडीत अडकून गळ्याला फास बसू शकतो. लहान मुलांच्या गळ्यात तर ती मुळीच घालू नये.

दुसरा भाग बंडीचा. पुष्कळ खिशांची, पुढून उघडणारी सुती बंडी दाराजवळच्या खुंटीवर टांगून ठेवावी. उजव्या खिशात टॉर्च, डाव्या खिशात शिट्टी, आतल्या खिशात चष्म्याची दुसरी जोडी आणि मोठा सुती रुमाल. प्रत्येक वस्तूची जागा कायम असावी, म्हणजे हात शोधत बसत नाही. येथे कापडाची निवड महत्त्वाची. नायलॉन आणि पॉलिएस्टर उष्णतेने वितळून कातडीला चिकटतात, सुती कापड तसे चिकटत नाही. म्हणून दुकानातील झुळझुळीत जाकिटापेक्षा जाड सुती बंडी बरी. ढिगाऱ्याखाली किंवा धुरात अडकल्यास ओरडून घसा लवकर बसतो. शिट्टी बराच वेळ वाजवता येते.

तिसरा भाग पाठीचा. दोन पट्ट्यांची पाठपिशवीच घ्यावी. एका खांद्याची पिशवी जिन्यावर घसरते आणि चाकांची बॅग तर अरुंद लाकडी जिन्यावर मागून येणाऱ्यांची वाट अडवते. भरलेल्या पिशवीचे वजन शरीराच्या वजनाच्या एक दशांशापेक्षा अधिक नसावे, हा व्यवहारी हिशेब. साठ किलोच्या माणसाला सहा किलो पुरे. त्यातील एक लिटर पाणी म्हणजेच एक किलो. वृद्धांच्या पाठीवर पिशवी देऊच नये, त्यांना कमरेची थैली तेवढी असावी. पिशवीत पाणी, खाखरा व भाजलेले चणे, नेहमीच्या औषधांचा तीन दिवसांचा साठा, मोबाइलची पॉवर बँक, एक चादर आणि पायांत घालायला बंद बूट, इतके पुरेसे आहे. घरात चौविहार पाळणारी वडीलधारी मंडळी असतील तर औषध-पाण्याविषयी त्यांची इच्छा आधीच विचारून ठेवावी. संकटाच्या रात्री हा प्रश्न त्यांच्यापुढे नव्याने टाकणे योग्य नव्हे.

थैलीत काय जावे

कमरेच्या थैलीत जागा मूठभर असते, म्हणून एक कसोटी लावावी: कोणती वस्तू पुन्हा मिळवणे सर्वांत अवघड आहे? दागिने या कसोटीत मागे पडतात. त्यांची जागा बँकेच्या लॉकरमध्ये आहे. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे नुकसान झाल्यास बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट आहे. भाडे ४,००० रुपये असेल तर ही रक्कम ४ लाख होते. ती दागिन्यांच्या किमतीहून कमी भरत असल्यास वेगळा विमा घ्यावा. लॉकरची किल्ली मात्र थैलीत असावी.

घरात साठवलेल्या रोख रकमेविषयीही गैरसमज असतात. फाटलेली नोट कोणत्याही शाखेत बदलून मिळू शकते. पण फार जळलेल्या, कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटा शाखेत स्वीकारल्या जात नाहीत. त्या रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयातच न्याव्या लागतात आणि तेथे तपासणीनंतर निर्णय होतो. म्हणून घरात मोठी रोकड ठेवण्यापेक्षा थैलीत लहान नोटांचे चार-पाच हजार रुपये असणे शहाणपणाचे.

दक्षिण मुंबईतील पागडीच्या घरांत सर्वांत मौल्यवान कागद असतो भाडेपावती. इमारत कोसळली किंवा धोकादायक ठरवून रिकामी केली, तर संक्रमण शिबिरातील जागेसाठी आणि पुढे नव्या इमारतीतील हक्कासाठी आपण तेथील भाडेकरू होतो हे सिद्ध करावे लागते. पावती आजोबांच्या नावावर आणि वीजबिल नातवाच्या नावावर, अशी स्थिती असंख्य घरांत आहे. ती वेळीच दुरुस्त करून घ्यावी. पावतीची मूळ प्रत लॉकरमध्ये, एक छायाप्रत थैलीत आणि एक छायाचित्र मोबाइलमध्ये, अशी तिहेरी व्यवस्था हवी. आधार, पॅन यांसारखे कागद डिजिलॉकरवर ठेवता येतात, त्यांचे ओझे थैलीला नको. याशिवाय एका कागदावर खाते क्रमांक, विमा पॉलिसी क्रमांक, डॉक्टरांचा व दोन नातेवाइकांचा दूरध्वनी लिहावा. पिन किंवा पासवर्ड त्यावर कधीही लिहू नये. हे सर्व चेन असलेल्या प्लास्टिकच्या पाकिटात घालूनच थैलीत ठेवावे, म्हणजे पाण्याचे भय राहत नाही.

शस्त्राचा प्रश्न

घराच्या रक्षणाचा विषय निघाला की कमरेला चाकू किंवा काठी असावी काय, हा प्रश्न तरुण मंडळी विचारतात. श्रावकाचारात हिंसेचे संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी असे चार प्रकार सांगितले आहेत. गृहस्थाने संकल्पी हिंसा पूर्णपणे सोडावी. स्वतःच्या, आश्रितांच्या रक्षणासाठी घडणारी विरोधी हिंसा मात्र त्याला सर्वस्वी टाळता येत नाही, हे शास्त्रकारांनी मान्य केले आहे. कायद्याची भूमिकाही याच दिशेची आहे. भारतीय न्याय संहितेची कलमे ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण रक्षणासाठी आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभा देत नाहीत.

व्यवहार पाहिला तरी निष्कर्ष तोच निघतो. झोपेतून उठलेल्या माणसाचे शस्त्र अरुंद बोळकांडीत समोरच्याच्या हाती जाण्याचा संभव मोठा. त्यापेक्षा मुलांना व वृद्धांना घेऊन आतल्या खोलीत जावे, दार लावावे, ११२ वर फोन करावा आणि खिडकीतून शिट्टी वाजवावी. चाळीत सज्जा सामायिक असतो, एका शिट्टीवर दहा दारे उघडतात. मनोऱ्यात तेवढे शेजारी जवळ नसतात. तेथे सुरक्षारक्षकाच्या चौकीचा क्रमांक मोबाइलमध्ये पहिला हवा. चोर ऐवज नेत असेल तर नेऊ द्यावा. जीव, किल्ली आणि कागद कमरेला असतील तर उरलेले पुन्हा मिळवता येते.

अंधारातली तालीम

थैली घेतली, बंडी टांगली, पिशवी भरली, एवढ्याने काम संपत नाही. एखाद्या रविवारी रात्री दिवे मालवून घरातील सर्वांनी ती चढवून पाहावी आणि जिना उतरून रस्त्यापर्यंत जावे. किती मिनिटे लागली, कोणाचे बक्कल अडकले, कोणाच्या पायांत चप्पल नव्हती, हे त्याच रात्री कळते. मनोऱ्यात राहणाऱ्यांनी लिफ्ट न वापरता आपल्या खालचा आश्रयमजला गाठून पाहावा. बाहेर भेटण्याची एक जागा ठरवावी, म्हणजे कोणी मागे राहिले या समजुतीने कोणी परत आत धावणार नाही. आगीतून बाहेर आल्यावर कोणत्याही वस्तूसाठी पुन्हा आत शिरू नये, हा नियम लहानांइतकाच मोठ्यांनाही बजावून सांगावा. अग्निशमन दलाचा १०१ आणि महापालिकेच्या आपत्कालीन कक्षाचा १९१६ हे क्रमांक मुलांना पाठ हवेत.

पावसाळ्यापूर्वी म्हाडा दरवर्षी दक्षिण व मध्य मुंबईतील अतिधोकादायक उपकरप्राप्त इमारतींची यादी जाहीर करते. ती यादी पाहण्याचा दिवस हाच पिशवी तपासण्याचा दिवस ठरवावा. दुसरा दिवस दिवाळीतील वहीपूजनाचा. जुन्या वह्या मिटून नव्या उघडताना कमरेच्या थैलीतील औषधांची मुदत, टॉर्चचे सेल आणि भाडेपावतीची तारीखही पाहून घ्यावी. अर्ध्या तासाचे हे काम आहे. जिन्यात धूर दाटला असता एका हाताने कठडा आणि दुसऱ्या हाताने आजीचा हात धरून उतरता यावे, यासाठी तो अर्धा तास द्यावयाचा आहे.