मुलांमधील स्नायुदाह : वेळीच ओळखू या



चिऱ्यांच्या पायऱ्या धावत चढणारे मूल आधार शोधू लागले, जमिनीवरून उठताना हात टेकू लागले, तर त्यास आळशी म्हणण्यापूर्वी आपण त्याच्या पापण्या व बोटे पाहावीत. पापण्यांवर जांभळट छटा आणि बोटांच्या सांध्यांवर लालसर चट्टे असल्यास तो ‘ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिस’ असू शकतो. या विकारात रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच त्वचेवर व स्नायूंवर उलटते. दरवर्षी दहा लाख मुलांमागे साधारण २ ते ४ मुलांना तो होतो. तो संसर्गजन्य नाही. कोणाच्या पापाचे वा दृष्ट लागल्याचे फळही नाही.

उपचार लांबल्यास त्वचेखाली कॅल्शियमच्या कठीण गाठी होतात, सांधे आखडतात, गिळणे व श्वास घेणेही अवघड होऊ शकते. रक्ततपासणी व एमआरआय यांनी निदानास मदत होते. स्टेरॉइड व आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट हे मुख्य उपचार होत. गोळ्यांनी चेहरा सुजला म्हणून पालकांनी स्टेरॉइड परस्पर बंद करू नये. ते एकाएकी थांबविणे जिवावर बेतू शकते. व्यायामोपचार चालू ठेवावेत. उन्हाने हा विकार बळावतो. म्हणून रत्नागिरीच्या उन्हात मुलांना टोपी व पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत.

मुंबईत परळच्या वाडिया बाल रुग्णालयात या विकाराचे तज्ज्ञ उपचार मिळतात. ११ फेब्रुवारीच्या जागतिक रुग्ण दिनी आपण आजारी मुलांसाठी प्रार्थना करतो. अशा कुटुंबास मुंबईच्या फेऱ्यांसाठी सोबत देणे, हीही प्रार्थनाच होय.