नाव सांगू नका, माप सांगा

सांगलीतल्या ऑटो स्पेअरच्या दुकानात शिरलं की काउंटरवरून पहिला प्रश्न येतो, "गाडी कुठली?" अल्टो, इंडिका, बोलेरो म्हणालात, तर मागे न बघता दुकानदाराचा हात बरोबर त्या खोक्यावर जातो. 'सॅन स्टॉर्म' म्हणालात, तर तो क्षणभर तुमच्याकडे बघतो आणि शेजारच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या पाच जणांच्या गटाने हा अनुभव सांगली, मिरज, कऱ्हाड आणि सातारा अशा चारही गावांत घेतला. मोडकळीला आलेली एक स्पोर्ट्स कार पुन्हा चालती करायची, हा त्यांचा प्रकल्प होता. मी वही घेऊन त्यांच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात बसत होतो.

सॅन स्टॉर्म ही बाहेरून आलेली गाडी नव्हे. 1990 च्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्स ती गोव्यात बनवत होती. दोन माणसांची, दोन दारांची, कापडी हूड मागे दुमडणारी गाडी. खाली पोलादी चॅसी, वर फायबरग्लासची बॉडी आणि नाकात रेनोचं 1149 सीसीचं, 60 हॉर्सपॉवरचं इंजिन. आज हा आकडा कुणाला मोठा वाटणार नाही, पण तेव्हाच्या मारुती 800 च्या मानाने ताकद दीडपटीहून जास्त होती. गाड्या थोड्याच बनल्या, मग उत्पादन थांबलं. त्यातली ही एक साताऱ्याच्या बाजूला बंद गुऱ्हाळाच्या शेडमध्ये कित्येक पावसाळे उभी होती. मालकाने ती कॉलेजला देऊन टाकली आणि ती टेम्पोवर चढून महामार्गाने सांगलीकडे आली.

"चालती गाडी झिजते, उभी गाडी सडते," वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर मुलांना म्हणाले. झीज ठरावीक जागी होते, तिचा अंदाज बांधता येतो. सडणं मात्र सगळीकडून एकदम सुरू होतं. टाकीतल्या पेट्रोलचा उडणारा भाग उडून जातो आणि तळाशी चिकट राळ उरते. ब्रेक ऑइल हवेतला दमटपणा शोषून घेतं आणि सिलिंडर आतून गंजवतं. क्लच प्लेट फ्लायव्हीलला धरून बसते. रबराला भेगा पडतात. उंदीर वायरिंगवरचं प्लॅस्टिक कुरतडतात आणि एअर फिल्टरच्या डब्यात घर करतात. या गाडीत हे सगळं झालेलं होतं.

म्हणून पहिले काही आठवडे दुरुस्ती झालीच नाही, फक्त उलगडणं झालं. प्रत्येक बोल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी, चिठ्ठीवरचा क्रमांक रजिस्टरमध्ये. मोबाइलवर फोटो होतेच, पण फोटोत बोल्टची लांबी कळत नाही. जतची मुलगी रजिस्टर सांभाळायची. कोरेगावचा मुलगा पान्हा फिरवता फिरवता तिला आकडे ओरडून सांगायचा. तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, पण प्रकल्पाचं खरं काम त्या रजिस्टरमध्येच चाललं होतं.

इंजिन जाम होतं. अशा वेळी चावी फिरवून स्टार्टर मारायची चूक नवखे करतात, त्यात चिकटलेल्या रिंगा तुटतात. इथे चारही प्लग काढून भोकांतून डिझेल आणि ऑइलचं मिश्रण सोडलं आणि इंजिनाला हात न लावता काही दिवस जाऊ दिले. मग क्रँकच्या पुलीवर पान्हा लावला आणि फिरण्याच्या दिशेने, अंगाचा जोर न देता, थोडासा ताण दिला. पुली नखभर हलली. दुसऱ्या दिवशी थोडी आणखी. पूर्ण फेरा झाला तेव्हा मुलांनी गलका केला. सर शांतपणे म्हणाले, "फिरलं म्हणजे चांगलं आहे असं नाही. आता उघडा."

उघडल्यावर बोअर गेज आत गेला. एकेका सिलिंडरचा व्यास वर, मध्ये आणि खाली, आणि प्रत्येक ठिकाणी काटकोनात दोनदा मोजायचा. वरचा आणि खालचा आकडा जुळला नाही तर सिलिंडर निमुळता झालाय, काटकोनातले दोन जुळले नाहीत तर अंडाकृती. या इंजिनाचा मूळ बोअर 69 मिलिमीटर आणि स्ट्रोक 76.8. व्यासावरून क्षेत्रफळ, त्याला स्ट्रोकने गुणायचं, मग चारने, की बरोबर 1149 घनसेंटिमीटर येतात. हे सूत्र मुलांनी परीक्षेत लिहिलेलं होतं. गाडीच्या कागदावर छापलेला आकडा आपल्या हातातल्या गेजमधून निघतोय, हे मात्र त्यांना नवीन होतं. दोघांनी तो हिशेब तिथेच खडूने फरशीवर पुन्हा करून पाहिला.

भाग मिळवायची वेळ आली आणि गाडी खरी अडली. चाकाजवळचा ऑइल सील कडक होऊन फाटला होता. मुलं दुकानं पालथी घालत होती आणि नाव ऐकून दुकानदार मान हलवत होते. कुपवाडच्या एमआयडीसीतल्या एका लेथवाल्या मामांनी ही वणवण थांबवली. त्यांनी फाटका सील हातात घेतला, कापडाने पुसला आणि कडेला उमटलेले आकडे दाखवले. "नाव सांगू नगा, माप सांगा. आतला व्यास, भायेरचा व्यास, जाडी. सीलला काय ठावं, त्यो कुठल्या गाडीत बसलाय?"

त्याच संध्याकाळी तीन आकड्यांची चिठ्ठी घेऊन गेलेल्या मुलाला सील मिळाला. तो कुठल्या यंत्रासाठी ठेवला होता, हे दुकानदाराने सांगितलं नाही आणि मुलानेही विचारलं नाही. बेअरिंगचंही तसंच. 6203 म्हटलं की 17 मिलिमीटरचं भोक, 40 चा बाहेरचा व्यास, 12 ची जाडी. मग ते स्कूटरमध्ये बसो, पाण्याच्या मोटारीत बसो, जगात कुठेही घ्या, माप हेच. पाण्याच्या पंपाचं गास्केट तर विकत घ्यायचंही कारण नव्हतं. पॅकिंग शीट पंपाच्या तोंडावर धरायची, गोल डोक्याच्या हातोडीने कडेकडेने हलके ठोके द्यायचे, की लोखंडाची धारच कागद कापत जाते.

सगळंच असं हाताने होत नाही. हेडचं गास्केट ठोकून बनत नाही, त्याला ज्वलनाचा दाब आणि उष्णता सोसावी लागते. तिथे एक नाव कामी आलं, पण ते गाडीचं नव्हे, इंजिनाचं. रेनोच्या याच घराण्यातलं इंजिन युरोपात क्लिओ आणि ट्विंगो या गाड्यांत लाखो घरी गेलं आहे. इंजिनावरचा कोड वाचून गास्केट आणि टायमिंग बेल्ट बाहेरून मागवले. कस्टमचं शुल्क भरताना गटातल्या खजिनदाराचा चेहरा पाहण्यासारखा होता.

मामांचं ते वाक्य या पट्ट्यात उपरं नाही. बेळगावात 1888 मध्ये सायकलचं दुकान काढणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. औंध आज सातारा जिल्ह्यात आहे, किर्लोस्करवाडी सांगलीत. साताऱ्यात कूपर कंपनी 1922 पासून उभी आहे. नांगरापासून निघालेली ही कंपनी आज इंजिनांचे सिलिंडर लायनर बनवते. साताऱ्यातच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर बाहेर पडायची. या कारखान्यांनी गावोगावी मायक्रोमीटर धरणारे हात तयार केले. कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या एका कारागिराने भंगारातून किक मारून सुरू होणारी छोटी जीप बनवली आणि 2021 च्या शेवटी ती देशभर गाजली, तेव्हा बाहेरच्यांना नवल वाटलं. इथे तसं काही न काही गल्लीगल्लीत चालू असतं.

हेड फेसिंगला साताऱ्यात दिलं. तिथले मिस्त्री स्कूटरच्या कारखान्यात उमेदवारी केलेले. त्यांनी हेडवर सरळ पट्टी उभी धरली आणि पट्टीखालून फीलर गेजची पात सरकवून पाहिली. पात कुठे शिरते यावरून हेड कुठे वाकलंय ते कळतं. गरजेपेक्षा जास्त घासलं तर कॉम्प्रेशन वाढतं आणि इंजिन ठोकू लागतं, म्हणून त्यांनी घासायच्या आधी मुलांकडून आकडा लिहून घेतला. "मला तुमचा आकडा पायजे, तुमचा अंदाज नको," ते म्हणाले.

बॉडीने वेगळीच परीक्षा घेतली. फायबरग्लास गंजत नाही, त्यामुळे वरून गाडी बरी दिसत होती. पण त्याखाली झाकलेली पोलादी चॅसी ओल धरून बसली होती. चॅसीवर हातोडी मारत जायचं, चांगल्या लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, खाल्लेल्या जागी बद्द. बद्द वाजलेले तुकडे कापून नवे जोडले, पण बॉडी उचलून बाजूला ठेवल्यावरच, कारण वेल्डिंगची ठिणगी रेझिनला पेटवते. बॉडीवर ताऱ्यासारख्या बारीक भेगा होत्या. त्या नुसत्या पुट्टीने भरल्या तर वर्षात पुन्हा उमटतात. भेगेच्या दोन्ही बाजूंनी काचेच्या धाग्यापर्यंत घासून उतार करायचा, त्यात मॅटचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवायचे आणि रोलरने आतली हवा काढायची. शिकवायला आलेले कारागीर एरवी पाण्याच्या टाक्या आणि पुतळे बनवतात. त्यांनी पहिल्याच दिवशी दोन बाटल्या टेबलाच्या दोन टोकांना ठेवल्या, एक कोबाल्टची, दुसरी हार्डनरची. दोन्ही रेझिनमध्ये जातात, पण वेगवेगळ्या वेळी. थेट एकमेकांत मिसळल्या तर भडका उडतो. घासाई हाताने करावी लागली, कारण रंग काढायचं रसायन रेझिनलाही खातं. त्या धुळीने अंग खाजतं. आधी थंड पाण्याने धुवायचं, गरम पाण्याने नाही, हा तिथला नियम.

उजव्या दिव्याभोवतीचा तुकडा गायब होता. डाव्याचा साचा काढून उजवा बनवू, असं सगळ्यांना वाटलं. पण साच्यातून डावाच निघतो, उजवा हवा तर आरसा धरल्यासारखी उलटी मापं लागतात. मग डाव्या बाजूवर रेघा आखून जागोजागची खोली मोजली, आकडे उलटे मांडले आणि थर्मोकोलवर नवा आकार कोरला. पाच जणांत सगळ्यात शांत असलेल्या मुलाने हे काम जवळजवळ एकट्याने केलं.

वायरिंगने सगळ्यांना चकवलं. नवी हार्नेस टाकली, फ्यूज ठीक, बॅटरी ठीक, तरी दिवे मिणमिणत होते आणि इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा लुकलुकायचा. पत्र्याच्या गाडीत दिव्यापासून बॅटरीकडे परत जाणारा प्रवाह बॉडीतूनच जातो. सवयीने वायरमनने अर्थची टोकं बॉडीलाच बोल्टने आवळली होती, आणि ही बॉडी तर वीज वाहूनच नेत नाही. प्रवाह दुसऱ्या दिव्यांतून वाट काढत होता. प्रत्येक दिव्यापासून स्वतंत्र तार चॅसीपर्यंत आणल्यावर सगळं जाग्यावर आलं. मीटर लावून हे शोधणारी होती रजिस्टरवाली मुलगी.

ब्रेकच्या बाबतीत मात्र सरांनी जुनं काही ठेवू दिलं नाही. डॉट 4 ऑइल कोरं असताना 230 अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर ही मर्यादा 155 अंशांवर येते. पाचगणीहून वाईकडे पसरणीचा घाट उतरताना ब्रेक तापतात. तिथे ऑइल उकळलं तर पाइपात वाफ होते आणि पॅडल तळाला जातं. सगळे पाइप, होस, रबरं नवी.

गाडी सुरू झाली. कॉलेजच्या आवारात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर फिरली. रस्त्यावर मात्र अजून नाही, कारण आरटीओत मापाचं चालत नाही, तिथे नावच लागतं. 15 वर्षं उलटलेल्या गाडीची फेरनोंदणी करायची तर जुने कागद, फिटनेस आणि शुल्क. खासगी मोटारीसाठी हे शुल्क एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झालं. जुनी म्हणून सवलत मागावी, तर 2021 च्या नियमांप्रमाणे विंटेज ठरायला गाडीचं वय 50 वर्षांहून जास्त हवं. स्टॉर्मला त्यासाठी 2048 च्या आसपासपर्यंत थांबावं लागेल. तूर्त मालकाच्या नावावरचे कागद गोळा करणं चालू आहे.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "छान आहे. पण यात नवीन काय? प्रकल्पात काहीतरी नवं असावं लागतं." मुलीने रजिस्टर पुढे केलं. तोवर त्यातून संगणकावर काढलेली ड्रॉइंग्ज तयार झाली होती. प्रत्येक सील, बुश, ब्रॅकेट आणि गास्केटची मापं, बाजारात त्या मापाला काय चालतं याची नोंद, आणि उजव्या दिव्याच्या तुकड्याचा आराखडा. "सर, या गाडीचं पुस्तक आता कुठेच मिळत नाही. हे आम्ही तयार केलंय." परीक्षक बराच वेळ पानं उलटत राहिले. गुण किती दिले ते मुलं अजून सांगत नाहीत, पण नाराज दिसत नाहीत.

मला त्या रजिस्टरचा पुढचा उपयोग दिसतो. अशी निराधार झालेली यंत्रं या दोन जिल्ह्यांत चिक्कार आहेत. प्रिया स्कूटर आहेत, विहिरीवरची जुनी डिझेल इंजिनं आहेत. ज्यांचं नाव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला आहे, त्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या पद्मिनीही आहेत. दरवर्षी कॉलेजांतून शेकडो प्रकल्प अहवाल बांधून निघतात आणि कपाटात जातात. एकेका गटाने एकेक यंत्र उलगडून त्याची मापं नीट लिहून ठेवली आणि ती सगळ्यांना खुली केली, तर लेथवाल्याला, शेतकऱ्याला आणि हौशी माणसाला ती रोज लागतील. पुढच्या गटाने तशी मागणी केली आहे. त्यांना गाडी नको आहे. तासगावच्या एका द्राक्षबागेतला बंद पडलेला फवारणीचा ब्लोअर त्यांनी आधीच हेरून ठेवलाय.