हाताशीं असलेलें शस्त्र

गेल्या वर्षीं कन्येकडे चार महिने राहण्याचा योग आला. तिचें बिऱ्हाड अमेरिकेंतील मिसूरी राज्यांत, सेंट लुईस शहराच्या एका उपनगरांत आहे. एके शनिवारीं नऊ वर्षांचा नातू शाळासोबत्याच्या घरीं खेळावयास निघाला. कन्येनें त्या मुलाच्या आईस फोन लावला, खाण्यापिण्याची विचारपूस केली आणि मग अगदीं सहज स्वरांत विचारलें, "आपल्या घरीं बंदूक आहे का? असल्यास ती कुलुपांत असते ना?" हा प्रश्न ऐकून मी ओशाळलों. परक्याच्या घरची अशी चौकशी करणें आमच्या शिष्टाचारांत बसत नाहीं. मीं तसें बोलून दाखवितांच ती म्हणाली, "अण्णा, मुलाला शेंगदाणे चालत नसले तर तें आधीं सांगावें लागतें ना? तसेंच हें. तुम्हांला चमत्कारिक वाटेल, पण येथें मला हें विचारल्यावांचून राहवत नाहीं."

आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणें परवान्यावांचून बंदूक बाळगतां येत नाहीं. त्यामुळें सामान्य गृहस्थाच्या कपाटांत ती असेल, ही शंकाच आपल्या मनास शिवत नाहीं. तेथील स्थिति निराळी आहे. त्या देशाच्या राज्यघटनेस १७९१ सालीं जी दुसरी दुरुस्ती जोडली गेली, तिनें शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला. व हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा आहे, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००८ सालीं दिला. परंतु त्या हक्कास मर्यादा कोणत्या घालावयाच्या, हें पुष्कळ अंशीं ज्याचें त्याचें राज्य ठरवितें. सेंट लुईसला लागून मिसिसिपी नदी वाहते. पैलतीरीं इलिनॉय राज्य आहे. तेथें १९६८ च्या कायद्यानें बंदूक बाळगणाऱ्यास राज्याच्या पोलिसांकडून ओळखपत्र घ्यावें लागतें. ऐलतीरीं मिसूरींत तसें बंधन नाहीं. २०१७ सालापासून तर पिस्तूल लपवून जवळ बाळगण्यासहि परवाना लागत नाहीं. मध्यें एक पूल, आणि कायदा पार बदलतो! मग कायदा सैल असला म्हणजे माणसें अधिक मरतात काय, असा प्रश्न मनांत आला. वेळ हाताशीं होता. जांवयांनीं वाचनाची सोय करून दिली.

वरवर पाहतां उत्तर सोपें दिसतें. २०२१ सालीं मॅसॅच्युसेट्स राज्यांत, जेथें कायदे कडक आहेत, बंदुकीनें झालेले मृत्यु दर लाख लोकांमागें ३.४ होते, मिसिसिपी राज्यांत, जेथें ते अत्यंत सैल आहेत, ते ३३.९ होते. दहापट अंतर! परंतु न्यायशास्त्राचा अल्पहि परिचय असलेला मनुष्य येथें थबकेल. कावळा फांदीवर बसला आणि ताडाचें फळ खालीं पडलें, एवढ्यावरून कावळ्यानें फळ पाडलें असें ठरत नाहीं. मिसिसिपी हें दरिद्री राज्य आहे, मॅसॅच्युसेट्स सुखवस्तु व सुशिक्षित आहे. शिवाय उलट उदाहरणेंहि आहेत. व्हर्माँट राज्यांत शस्त्र जवळ बाळगण्यास परवाना कधींच लागत नव्हता, तरी तेथें खून फार थोडे होतात. इलिनॉयचे कायदे कडक, तरी शिकागो शहर गोळीबारासाठीं कुप्रसिद्ध. मात्र या दुसऱ्या उदाहरणाचा उलगडा त्याच शहराच्या २०१७ सालच्या अहवालांत होतो. पोलिसांनीं हस्तगत केलेल्या बंदुकांपैकीं सुमारें शेंकडा साठ परराज्यांतून आल्या होत्या, व एकट्या शेजारच्या इंडियानांतून एक पंचमांशाहून अधिक. शेजाऱ्यानें बांध फोडला असतां आपल्या शेतांतील बांध किती पुरणार?

म्हणून दोन राज्यांची तुलना सोडून एकाच राज्याची पूर्वीची व नंतरची स्थिति पाहणें अधिक बरें. येथें आपल्या जुन्या शास्त्रकारांची अन्वयव्यतिरेकाची कसोटी उपयोगीं पडते: कारण असतां कार्य घडतें काय, व कारण नसतां तें घडत नाहीं काय? योगायोगानें अमेरिकेंत अशी एक जोडी सांपडते. कनेक्टिकट राज्यानें १९९५ मध्यें असा कायदा केला कीं, पिस्तूल घेणाऱ्यानें स्वतः अर्ज करावा, पूर्वचरित्राची तपासणी होऊं द्यावी, शिक्षण घ्यावें आणि परवाना मिळाल्यावरच खरेदी करावी. उलट मिसूरींत पिस्तुलाच्या खरेदीसाठीं शेरीफकडून परवाना घेण्याचा नियम १९२१ सालापासून होता. तो २००७ मध्यें रद्द झाला. एकानें बंधन घातलें, दुसऱ्यानें सोडलें. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं या दोहोंचा अभ्यास केला. कनेक्टिकटमध्यें पहिल्या दहा वर्षांत बंदुकीनें होणारे खून अपेक्षेपेक्षां सुमारें शेंकडा चाळीस कमी झाले. मिसूरींत ते सुमारें शेंकडा पंचवीस वाढले. इतर साधनांनीं होणाऱ्या खुनांत तसा फरक दिसला नाहीं, ही गोष्ट विशेष लक्षांत घेण्याजोगी आहे. पुढील मोजणींत हे आंकडे बदलले, पण दिशा बदलली नाहीं. तथापि ही दोनच राज्यें आहेत, हें विसरतां कामा नये.

"कायदा सज्जन पाळतात, दुर्जन थोडाच पाळतो?" हा आक्षेप तेथें पदोपदीं ऐकूं येतो, व तो अगदींच पोकळ नाहीं. परंतु दुर्जनाच्या हातीं बंदूक आकाशांतून पडत नाहीं. कोणीतरी ती दुकानांतून विकत घेऊन त्याला देतो. अशा मध्यस्थास शेरीफच्या कचेरींत आपलें नांवगांव लिहून द्यावें लागलें, तर तो दहादां विचार करितो. दुसरें असें कीं, जीव घेणारा प्रत्येक मनुष्य मुळांत दुर्जन नसतो. क्रोधापासून संमोह, संमोहापासून स्मृतिभ्रंश व त्यापासून बुद्धिनाश, ही पायरी गीतेनें सांगितली आहे. ती उतरण्यास क्षण पुरतो. मी शिक्षक असतांना आमच्या शाळेंत छडी वर्गांत ठेवीत नसत. ती हेडमास्तरांच्या खोलींत असे. छडी आणावयास गेलेला मुलगा परत येईपर्यंत माझा राग अर्धा ओसरलेला असे, आणि कित्येकदां छडी तशीच परत जाई. त्या नियमाचें मर्म मला तेव्हां कळलें नव्हतें.

क्रोधाचें जें, तेंच नैराश्याचें. २०२३ सालीं त्या देशांत बंदुकीनें सुमारें ४६,७०० माणसें मेलीं. हे सारे खून असावेत, अशी माझी समजूत होती. वस्तुतः खून सुमारें १७,९०० होते. आत्महत्या सुमारें २७,३००! बंदुकीनें केलेला आत्मघाताचा प्रयत्न दहांतून सुमारें नऊ वेळां प्राण घेतो. परंतु अशा संकटांतून जे एकदां वांचतात, त्यांतील बहुतेक पुढें आत्महत्येनें मरत नाहींत. मनावरचें तें मळभ ओसरतें. तें ओसरेपर्यंत शस्त्र दूर असणें, हेंच कित्येकांचें जीवदान. व्हर्माँटचें कोडेंहि येथेंच उलगडतें: तेथें खून थोडे, पण बंदुकीच्या मृत्यूंत आत्महत्याच फार.

रँड नांवाची संस्था या विषयावरील अभ्यासांची काटेकोर छाननी करीत आली आहे. बहुतेक प्रश्नांवर पुरावा अपुरा आहे, असें ती स्वच्छ सांगते. परंतु ज्या थोड्या गोष्टींस तिला भक्कम आधार दिसला, त्या अशा: मुलांच्या हातीं बंदूक लागूं नये म्हणून ती बंदोबस्तांत ठेवण्याची सक्ति करणाऱ्या कायद्यांनीं तरुणांच्या आत्महत्या व खून कमी होतात, आणि मागें हटण्याची वाट असतांहि गोळी झाडण्याची मुभा देणाऱ्या कायद्यांनीं खून वाढतात. माझ्या अल्पमतीस या साऱ्याचें सार एवढेंच दिसतें: मनुष्याची वृत्ति पालटणें कायद्याच्या हातीं नाहीं, पण वृत्ति आणि कृति यांच्यामध्यें चार घटकांचें अंतर ठेवणें त्याच्या हातीं आहे. जेथें तें अंतर कायदा ठेवीत नाहीं, तेथें तें घरच्या माणसांनीं ठेवावें लागतें.

त्या शनिवारीं समोरच्या बाईंनीं रागावण्याऐवजीं कन्येचे आभारच मानले. घरांत दोन बंदुका आहेत, दोन्ही तळघरांतील लोखंडी पेटींत आहेत, किल्ली पतीजवळ असते, असें त्यांनीं सांगितलें. नातू उड्या मारीत गेला व दिवेलागणीस परतला. आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांचीं मुलें, नातवंडें त्या देशांत आहेत. त्यांच्याकडे फोनवर क्षेमकुशल विचारतांना हाहि एक प्रश्न विचारावा: मुलें जेथें खेळावयास जातात, तेथें कुलूप आहे ना? मीं आतां तो विचारण्याची लाज सोडली आहे.