तेल गळतंय खाली, भोक असतं वर

भामरागडला पर्लकोटा नदीच्या पुलावर फोटोसाठी बाईक थांबवली, तर डाव्या बुटावर तेल! इंजिनखाली लाल धूळ आणि तेलाचा चिखलच झालेला. आलापल्ली मागे पासष्टेक किलोमीटर, मधे नुसतं जंगल.

आधी मागचा टायर बघितला. त्यावर तेल आलं की वळणावर गाडी घसरलीच म्हणून समजा. टायर कोरडा होता. गाडी सरळ उभी करून तेलाची पातळी बघितली, खालच्या खुणेच्या वर होती. सावकाश आलापल्ली गाठली.

तिथल्या मेकॅनिकभाऊंनी गिअरच्या दांड्याचं ऑइल सील गेलं म्हणून सांगितलं. मलाही तेच वाटत होतं. पण चालत्या गाडीत वारा तेल मागे ढकलतो आणि ते खाली ओघळतं. म्हणून सगळ्यात वरची, सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची.

थंड इंजिन रॉकेलने धुतलं, पुसून कोरडं केलं आणि घरची टाल्कम पावडर भुरभुरली. (भाऊ हसले.) दहा मिनिटं इंजिन चालू ठेवलं. पांढऱ्या पावडरीत हेडच्या झाकणापासून एक काळी रेघ फिन्समधून उतरत थेट गिअरच्या दांड्यापर्यंत! सील ठणठणीत होतं, झाकणाचं गॅसकेट कडक झालं होतं.

बोल्ट जास्त आवळून गळती थांबवू नका, ॲल्युमिनियमचे आटे जातात. गॅसकेट बदला. ब्रीदरची नळीही बघा. ती तुंबली की आतला दाब नवं गॅसकेटही गळायला लावतो.

तुमची गाडी कुठून गळते? फोटो टाका, बघू.