बंगल्याशेजारी गॅरेज बांधताय? आधी परवानगीचं गणित समजून घ्या

नवी गाडी दारात आली की बंगल्याच्या कडेची मोकळी जागा डोळ्यांत भरते. चार खांब, वर पत्रा, पुढे शटर. मिस्त्री काही दिवसांत काम उरकूनही देतो. मग शेजारी तक्रार करतो आणि नगरपालिकेची नोटीस येते.

जागा आपलीच, मग परवानगी कशाला?

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार जमिनीवर नवं बांधकाम करणं म्हणजे 'विकास'. त्यासाठी नियोजन प्राधिकरणाची, म्हणजे शहरात महापालिका किंवा नगरपालिकेची, परवानगी लागते. मुंबई आणि काही विशेष क्षेत्रं वगळता राज्यात २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे.

गाडं कुठे अडतं?

घर आणि कंपाउंडच्या भिंतीमधली जागा म्हणजे 'सामासिक अंतर'. उजेड, हवा आणि आग लागल्यास बचावकार्य यासाठी ती मोकळी ठेवायची असते. नेमकं तिथेच गॅरेज उभं राहतं. नियमावलीत एका कारसाठी २.५ बाय ५ मीटर जागा धरली आहे. तेवढी जागा सामासिक अंतराला धक्का न लावता बसते का, हे आधी आर्किटेक्टकडून तपासून घ्या.

अर्ज कसा करायचा?

- सातबारा किंवा प्रॉपर्टी कार्ड, मोजणी नकाशा, कर भरल्याची पावती आणि घराचा जुना मंजूर नकाशा जमवा.
- आर्किटेक्ट किंवा परवानाधारक इंजिनिअरकडून गॅरेजसह नवा नकाशा काढून घ्या.
- अर्ज आणि शुल्क भरा. मंजुरी मिळाल्यावरच काम सुरू करा.
- काम संपल्यावर भोगवटा प्रमाणपत्र घ्या.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर नियमात बसणारा नकाशा आणि शुल्क भरल्याची पोच हीच परवानगी मानली जाते. १५० ते ३०० चौरस मीटरसाठी १० दिवसांत परवानगी देण्याची तरतूद आहे.

उत्तरच आलं नाही तर?

कायद्यातल्या कलम ४५ नुसार ६० दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानलं जातं. पण प्रस्ताव नियमांत तंतोतंत बसत असेल तरच. कार्यालयाने त्रुटी काढली असेल, तर हे दिवस तुमचं उत्तर पोहोचल्यापासून मोजतात. परवानगी नाकारली, तर कलम ४७ नुसार राज्य सरकारकडे अपील करता येतं.

न विचारता बांधलं तर?

बांधकाम पाडण्याची नोटीस येऊ शकते. कलम ५२ मध्ये एक महिना ते तीन वर्षं कैदेचीही तरतूद आहे. 'आम्ही गॅरेजची घरपट्टी भरतो' हा बचाव चालत नाही, कारण कर भरल्याने बांधकाम अधिकृत होत नाही. नियमात बसत असेल, तर नंतरही परवानगीसाठी अर्ज करता येतो. सामासिक अंतरातच बांधलं असेल, तर मात्र ही वाट अवघड असते.

म्हणून मिस्त्रीला विसार देण्याआधी घराचा मंजूर नकाशा काढून बघा. गॅरेजला जागा आहे की नाही, हे तिथेच कळेल.