झाडावरचे दगडफूल आणि बागेचा भाव

कोकणात तयार आंबा झाडावरच पाहून खरेदी करणारे आपले अनेक व्यापारी बांधव आहेत. खोडावर राखाडी-हिरवे, कागदाच्या कपट्यांसारखे चट्टे दिसले की ‘झाडाला रोग लागला आहे’ असे म्हणून भाव पाडला जातो. बागवालाही घाबरतो आणि फवारणीवर पैसा घालतो. हे नुकसान केवळ माहितीअभावी होते.

हे चट्टे म्हणजे दगडफूल. शास्त्रीय मराठीत त्याला शैवाक म्हणतात. ही एकच वनस्पती नसून बुरशी आणि शेवाळ यांची भागीदारी आहे, हे स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर यांनी १८६७ साली मांडले. शेवाळ उन्हाच्या साहाय्याने अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा व ओलावा देते. दगडफुलाला मुळे नसतात. पाणी आणि क्षार ते पाऊस, धुके व हवेतून घेते. झाडाची साल ही त्याची फक्त बैठक आहे. झाडाचा रस ते शोषत नाही. आमच्या कापडाच्या भाषेत, हा वरचा डाग आहे, सूत कुजलेले नाही.

मग अशक्त झाडावर ते जास्त का दिसते? पालवी विरळ झाली की खोडापर्यंत ऊन पोहोचते आणि दगडफूल फोफावते. म्हणजे ते अशक्तपणाचे कारण नसून कधीकधी त्याची खूण असते. अशा वेळी खत, पाणी, मुळे आणि खोडकिडा यांकडे लक्ष द्यावे. खोड खरवडू नये. सालीला जखम झाली तर तेथूनच रोग शिरतो.

बांडगुळाची गोष्ट मात्र वेगळी. त्याची मुळे फांदीत घुसून रस ओढतात. ते दिसताच, चिकटलेल्या गाठीच्या खालून फांदीसकट कापावे. खरेदीच्या वेळी पाहायचे ते हे.

दगडफुलाच्या काही जाती तर खुद्द व्यापाराचा माल आहेत. गोडा मसाल्यात दगडफूल लागते. उर्दूत ज्याला छडीला आणि युनानी दवाखान्यात उश्ना म्हणतात, ते हेच. कनौजच्या शमामा अत्तरातही ते पडते. युरोपात काही जातींपासून लोकर व रेशमासाठी जांभळा रंग काढत. मात्र बागेतले दगडफूल खरवडून मसाल्यात विकू नये. सर्व जाती खाण्याच्या नसतात आणि झाडावर औषध मारलेले असू शकते.

सूरह अल-आराफमध्ये हजरत शुऐब (अ.) आपल्या कौमला माप-तोल पूर्ण ठेवण्याची आणि लोकांच्या वस्तूंचे मोल न घटवण्याची ताकीद देतात. जो दोष मालात नाही, तो दाखवून भाव पाडणे हेही मोल घटवणेच आहे. फळ पाहावे, पालवी पाहावी, आणि मगच रास्त भाव बोलावा. बरकत त्यातच आहे.