सोलापूरच्या वाटेवर कॅप्नोग्राफ हवा

सोलापूरच्या सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात, येणारा अपघातग्रस्त पुष्कळदा शहरातला नसतो. पंढरपूर सत्तरेक किलोमीटरवर, बार्शीही जवळपास तेवढीच, करमाळा शंभराच्या पुढे. सीमेपलीकडच्या कर्नाटकातल्या कित्येक गावांनाही सोलापूरच जवळचं. पुणे-हैदराबाद आणि धुळे-विजयपूर हे महामार्ग इथे एकत्र येतात, आणि गळीत हंगामात त्यांच्यावर उसाच्या ट्रॉल्यांची भर पडते. मोडलेला पाय डोळ्यांना दिसतो. फाटलेल्या प्लीहेतून किंवा यकृतातून पोटात साठणारं रक्त दिसत नाही. लिटरभर साठलं तरी कपड्यांवर डाग नसतो. अशा तास-दीड तासाच्या प्रवासात उपचार करणाऱ्याची भिस्त असते ती नाडी, रक्तदाब आणि बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर. यांच्या जोडीला रुग्णाचा श्वासही मोजला पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

कारण रक्तदाब उशिरा बोलतो. प्रौढ माणसात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं 750 ते 1500 मिलिलिटर गेलं तरी तरुण, धडधाकट शरीर रक्तवाहिन्या आवळून वरचा रक्तदाब बऱ्याचदा सावरून धरतं. तो ठळकपणे कोसळतो तो त्यानंतर. ऑक्सिमीटरवर तर याहून कमी विसंबावं. उरलेल्या रक्तात ऑक्सिजन किती भरलाय एवढंच तो सांगतो, रक्त किती उरलंय हे नाही, म्हणून आतून रक्तस्राव चालू असतानाही त्यावर 98 दिसू शकतात. कार्बन डायऑक्साइडचा हिशेब वेगळा आहे. पेशींत तयार झालेला हा वायू रक्त फुप्फुसांपर्यंत वाहून आणतं आणि उच्छ्वासातून तो बाहेर पडतो. रक्त कमी झालं की हृदयातून फुप्फुसांकडे कमी रक्त जातं, पोचणारा वायू घटतो, आणि काही वायुकोशांत गेलेली हवा रक्ताची गाठ न पडताच परत येते. एरवी उच्छ्वासाच्या शेवटी या वायूचा दाब पाऱ्याच्या 35 ते 45 मिलिमीटरइतका असतो. तो आता खाली येतो. म्हणजे हा आकडा फुप्फुसांइतकाच रक्ताभिसरणाचाही असतो, आणि त्यासाठी सुई टोचावी लागत नाही.

यामागचं भौतिकशास्त्र जुनं आहे. जॉन टिंडल यांनी लंडनमध्ये 1860 च्या सुमारास कार्बन डायऑक्साइड उष्णतेचे अदृश्य किरण शोषतो हे दाखवलं; कार्ल लुफ्ट यांनी 1943 मध्ये त्यावर आधारलेलं मापनयंत्र मांडलं. उच्छ्वासातला हा वायू मोजणारा आजचा कॅप्नोग्राफही 4.26 मायक्रोमीटरच्या आसपासचे अवरक्त किरण किती शोषले गेले तेच मोजतो. शुद्धीवरच्या रुग्णाच्या नाकाशी बारीक नळी लावायची, श्वासनलिकेत नळी घातलेली असेल तर तिलाच जोडायचं; पडद्यावर दर श्वासाला एक लाट उमटते. भूलतज्ज्ञ ही लाट आणि ‘ईटीसीओटू’ नावाचा उच्छ्वासाच्या शेवटचा हा आकडा रोज पाहतात. शस्त्रक्रियागृहात तिच्याविना भूल देणं आज कुणी पसंत करणार नाही.

यावर रास्त आक्षेप असा की वेदनेने आणि भीतीने माणूस धापा टाकतो, तेव्हाही हा आकडा उतरतो. खरं आहे. उलट डोक्याला मार लागून श्वास मंदावला तर तो चढतो आणि रक्तस्राव झाकला जातो. छातीची इजा किंवा जुना दमा असेल तर हिशेब आणखी चुकतो, आणि नळीत रक्त-लाळ साचली तर लाटच बिघडते. म्हणून एकट्या आकड्यावरून रक्तस्राव ठरवू नये, आणि आकडा चांगला आहे म्हणून तो नाहीच असंही मानू नये. पण श्वासाचा वेग त्याच पडद्यावर दिसतो. वेग तोच असताना आकडा 36 वरून 31, 31 वरून 26 होत असेल आणि नाडी चढत असेल, तर कारण केवळ घाबरणं असण्याची शक्यता कमी. कृत्रिम श्वास ठरावीक मापाने चालू असेल तर शंकेला आणखी कमी जागा उरते. गंभीर जखमींच्या अभ्यासांतही कमी ईटीसीओटूचा संबंध मृत्यूशी आणि रक्त चढवावं लागण्याशी आढळला आहे.

वाटेत कळून उपयोग काय, असंही विचारलं जाईल. उपयोग वेळेचा आहे. वीस हजारांवर रुग्णांच्या, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या क्रॅश-2 चाचणीने दाखवलं की ट्रॅनेक्सॅमिक अॅसिड हे स्वस्त औषध इजेनंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाचे मृत्यू घटतात. नंतर तो लाभ राहत नाही. शिवाय सिव्हिलला आधी फोन गेला, तर गाडी दारात येईपर्यंत रक्ताच्या पिशव्या आणि शल्यचिकित्सक तयार राहू शकतात. जखमीची वाट पाहू नये, उपचाराने त्याच्याकडे जावं, ही युद्धातल्या जखमींवर उपचार करणारे शल्यचिकित्सक नॉर्मन बेथ्यून यांची रीत होती. त्यांच्याच नावाच्या चीनमधल्या रुग्णालयाचे 1941 मध्ये प्रमुख झालेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच सोलापूरचे.

महाराष्ट्रात 2014 मध्ये 108 सेवा 937 रुग्णवाहिकांनी सुरू झाली. त्यातल्या 233 प्रगत जीवरक्षक होत्या. या गाड्यांची साधनं ठरवणाऱ्यांना आणि जिल्हा नियोजन समितीला विनंती एवढीच: करमाळा, पंढरपूर, मंगळवेढा, अक्कलकोट इथून सोलापूरकडे धावणाऱ्या प्रत्येक प्रगत गाडीत कॅप्नोग्राफ आणि त्याच्या पुरेशा नळ्या असाव्यात, आणि ती लाट वाचायचं प्रशिक्षण गाडीतल्या डॉक्टरांना सिव्हिलच्या भूलतज्ज्ञांकडून मिळावं.